पस्तीस पटींनी धाकटा रणगाडा

विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं जो लाकडी बैल ओढत नेतात, त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही की हा नेमका कुणाच्या गोठ्यातला. सुताराने शिंगं अंगाच्या मानाने दुप्पट लांब केली तरी तक्रार नाही, उलट कौतुकच होतं. मंगरूळपीरचा असो की नागपूरचा, तो बैल सगळ्या बैलांच्या वतीने उभा असतो. प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडायच्या रणगाड्याचं बरोब्बर उलट आहे. त्याचा पहिला प्रश्नच ‘कुठला?’ हा असतो. कुठल्या पलटणीचा, कुठल्या सालचा, आणि जमलं तर कुठल्या सकाळचा. या प्रश्नाला बगल दिली तर शेवटी टेबलावर एक हिरवं खेळणं उरतं. उत्तर ठरवलं, की गोंदापासून चिखलापर्यंत पुढचं सगळं काम आपोआप शिस्तीला लागतं.

मराठी वाचकाला उत्तरासाठी लांब जायला नको. पूना हॉर्स हे घोडदळ १८१७ साली पेशव्यांशी झालेल्या पुणे करारातून उभं राहिलं. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले, पण नाव तेच राहिलं. या एका रेजिमेंटच्या दोन अधिकाऱ्यांना परमवीर चक्र मिळालं, दोघांनाही मरणोत्तर आणि दोघेही महाराष्ट्रात जन्मलेले. मुंबईचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुरझोरजी तारापोर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर पडले. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत जर्पाळजवळ पडले. तेव्हा त्यांचं वय २१ होतं आणि फौजेत दाखल होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. दोघेही लढले ते ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियन रणगाड्यातून. खेत्रपालांच्या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’. तो डागडुजी करून आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केलेला आहे. जोडायला एवढा नावानिशी, तारखेनिशी रणगाडा मिळत असताना बहुतेक हौशी मंडळी जर्मन टायगर का निवडतात, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. टायगरचे खोके जास्त मिळतात, हे एक कारण असेलच.

अहिल्यानगरचा उल्लेख आलाच आहे तर तिथलं रणगाडा संग्रहालय बघून घ्यावं. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलं. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइस चिलखती मोटारीपासून चर्चिल, मॅटिल्डा, जपानी हलके रणगाडे, पकडून आणलेले पॅटन, आपला विजयंता अशी कितीतरी वाहनं तिथे उघड्यावर उभी आहेत. मॉडेल करणाऱ्याने तिथे रणगाड्यासमोर उभं राहून सेल्फी काढण्यापेक्षा वाकून बघावं. बुरुजाच्या ओतीव पोलादाचा पोत कसा खरबरीत आहे, तर खालच्या धडाचे पत्रे कसे गुळगुळीत आहेत. वेल्डिंगचा ओहळ कुठे जाड, कुठे बारीक आहे. चाकाच्या रबराची कड कुठे तुटली आहे. एक गोष्ट मात्र तिथे बघून शिकू नये, ती म्हणजे रंग. संग्रहालयातल्या रणगाड्यांना वर्षानुवर्षं सणासुदीच्या ट्रॅक्टरसारखा रंगाचा हात बसलेला असतो. आकार खरा, रंग उसना.

आता खोक्याकडे. बाजारात रणगाड्यांचे बहुतेक संच १:३५ या प्रमाणात मिळतात. ३५ हा आकडा तसा अडनिडाच. विमानांचं १:७२ तरी समजण्यासारखं आहे. खरा सहा फूट म्हणजे मॉडेलवर एक इंच, एवढा सोपा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने विमानं ओळखायच्या सरावासाठी शाळकरी मुलांकडून लाकडाची लाखो छोटी विमानं करून घेतली, ती याच प्रमाणात. पण ३५ मागे असा हिशेब नाही. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झाली. आधी लाकडी मॉडेल, मग प्लास्टिक असा तिचा प्रवास. १९६१ मध्ये त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचा चालता संच काढला. आत मोटर, गिअरबॉक्स आणि दोन सेल मावले पाहिजेत, एवढीच अट होती. ते मावतील एवढा रणगाडा केला आणि नंतर मोजलं तर प्रमाण पस्तीसच्या आसपास आलं. तो संच चालला आणि पुढचे त्याच मापाने निघाले. मग दुसऱ्या कंपन्यांनाही तेच माप धरावं लागलं. म्हणजे दोन सेलांच्या जाडीने साऱ्या जगाच्या हौसेचं माप ठरवून टाकलं.

याच कंपनीचे शुनसाकु तामिया मोजमापाच्या बाबतीत फार कडक होते. पोर्शे ९११ मोटारीचा संच काढायचा म्हणून त्यांनी खरी पोर्शे विकत घेतली आणि ती पार खोलून पाहिली. सेंच्युरियनही त्यांनी केला, पुढे तैवानच्या एएफव्ही क्लबने त्याच्या बऱ्याच आवृत्त्या काढल्या. आमच्या मंगरूळपीरला बसून हे संच मागवायचे तर कुरिअरशिवाय मार्ग नाही. प्लास्टिक येतं. ज्वलनशील रंग आणि थिनर पाठवायला मात्र कुरिअरवाले कचरतात, म्हणून ती सोय जवळपास करावी लागते. त्याकडे पुढे येऊच.

कागद-पेन्सिल घेऊन आधी हिशेब करावा, कारण पुढे हाताला आवर घालणारी हीच गोष्ट आहे. सेंच्युरियनचं धड साधारण ७.६ मीटर लांब, म्हणजे मॉडेल २१.७ सेंटिमीटर. तोफेसकट लांबी ९.८ मीटर, म्हणजे बरोबर २८ सेंटिमीटर. १९७१ च्या सेंच्युरियनवर २० पौंडी तोफ होती, तिचं तोंड ८४ मिलिमीटरचं. ते मॉडेलवर २.४ मिलिमीटर भरतं. आता उलट हिशेब करा. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. रंग उडाल्याचा टवका दाखवताना ब्रशचं टोक एक मिलिमीटर टेकलं की लिंबाएवढा टवका उडाल्यासारखं दिसतं. ब्रशने जाडसर मारलेला, दशांश मिलिमीटरचा रंग म्हणजे साडेतीन मिलिमीटर जाडीचा लेप, असा लेप भिंतीवरही कुणी देत नाही. नवख्याची मॉडेलं खोटी दिसतात ती बहुतेक वेळा रंग चुकल्यामुळे नाही, तर जाडी चुकल्यामुळे.

वजनाचा हिशेब आणखी मजेदार आहे. लांबी ३५ पटींनी घटली की आकारमान ३५ चा घन, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटतं. जवळपास ५१ टनांचा सेंच्युरियन त्या हिशेबाने सुमारे १.२ किलोचा हवा. प्लास्टिकचा पोकळ संच त्याहून कितीतरी हलका असतो. म्हणून खऱ्या रणगाड्याच्या साखळीपट्ट्या स्वतःच्या वजनाने चाकांवर लोंबतात, त्या मॉडेलवर लोंबत नाहीत. मऊ व्हिनाइलचा पट्टा असेल तर तो हवेत ताठ राहतो, आणि त्या एका ताठपणामुळे खेळणं ओळखू येतं. त्याला दोऱ्याने किंवा गोंदाने खाली बसवावा लागतो. एकेक कडी वेगळी असलेले पट्टे जोडले तर लोंब नीट येतो. फक्त दोन्ही बाजू मिळून दोनशेच्या आसपास कड्या साफ करायची तयारी हवी. सेंच्युरियनची कृपा अशी की, बाजूंना लोखंडी पत्र्यांची झालर असते. पट्ट्याचा वरचा अर्धा भाग तिच्याआड जातो. आळशी माणसासाठी हा रणगाडा उत्तम.

खोकं उघडलं की भाग एका चौकटीला चिकटलेले दिसतात. या चौकटीला स्प्रू म्हणतात. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने पोलादी साच्यात भरतात. ते ज्या वाटांनी आत गेलं, त्या वाटांचा थिजलेला सांगाडा म्हणजे स्प्रू. साच्याचे दोन अर्धे जिथे मिटतात तिथे भागावर बारीक रेघ उठते. थंड झालेला भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या गोल खुणा आतल्या बाजूला राहतात. रेघ घासून काढायची, गोल खुणा दिसणाऱ्या जागी असतील तर पुट्टीने भरायच्या. भाग तोडायला मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडचं बारीक साइड कटर आणि त्यांचाच टोकदार चिमटा चालतो. पॉलिशपेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो पाण्यात भिजवून वापरावा म्हणजे प्लास्टिकची भुकटी नाकात जात नाही.

गोंद हा शब्द इथे जरा फसवा आहे. पॉलिस्टायरीनसाठीचं पातळ सिमेंट म्हणजे अ‍ॅसिटोनसारखे द्रावक. ते चिकटवत नाही, वितळवतं. दोन भाग आधी एकमेकांवर बसवायचे आणि फटीला ब्रश नुसता टेकवायचा. द्रव केशाकर्षणाने फटीत आपोआप पळतो. दोन्ही कडांचं प्लास्टिक मऊ होऊन एकजीव होतं आणि द्रावक उडून गेलं की जोड टणक होतो. म्हणूनच बोटाला सिमेंट लागलं असताना बुरुजावर बोट ठेवलं तर तिथे ठसा कायमचा. हीच विध्वंसक शक्ती कामालाही येते. सेंच्युरियनचा बुरुज ओतीव पोलादाचा, संचात मात्र तो बहुधा फार गुळगुळीत येतो. त्याला सिमेंट लावून पृष्ठभाग मऊ झाला की राठ ब्रशने टोचायचं, मग हलकेच घासायचं. ओतीव पोलादाचा खरबरीतपणा येतो. तोफेच्या बुडाशी असलेला कापडी गळपट्टा टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून करता येतो, त्याच्या चुण्या प्लास्टिकच्या चुण्यांपेक्षा खऱ्या दिसतात.

जोडकाम चालू असतानाच फोटोंची फाईल उघडी ठेवावी. सेंच्युरियनच्या डझनाहून जास्त आवृत्त्या निघाल्या. तोफेच्या नळीवर धूर बाहेर काढणारा फुगवटा आहे की नाही, बुरुजाच्या बाजूच्या सामानपेट्या कशा आहेत, धूरगोळे फेकणाऱ्या नळ्या कुठे आहेत, हे आवृत्तीप्रमाणे बदलतं. खोक्यावर ‘सेंच्युरियन’ एवढंच छापलेलं असतं, त्यावर भिस्त ठेवून भारतीय रणगाडा होत नाही.

रंगाचं काम मंगरूळपीरच्या हवेत वेगळं आहे, पुस्तकातल्या सूचना इथे जशाच्या तशा चालत नाहीत. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. एअरब्रशमधून निघालेला रंगाचा तुषार प्लास्टिकवर पोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. रंग जास्त पातळ करावा, सुकणं लांबवणारं औषध घालावं किंवा सरळ पहाटे काम करावं. आषाढ-श्रावणात उलट तऱ्हा. लॅकर रंगातलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. दिवाळी ते होळी हा आमच्याकडचा रंगाचा मोसम. एअरब्रश नसेल तर निराश व्हायचं कारण नाही. मऊ, रुंद ब्रशने पाण्याइतक्या पातळ रंगाचे चार-पाच हात, प्रत्येक पूर्ण सुकू देऊन, हा मार्ग भारनियमनातही चालतो.

पहिला हात प्रायमरचा. गाड्या रंगवणाऱ्यांकडे मिळणारा करडा प्रायमर चालतो, पण त्यातलं थिनर पॉलिस्टायरीनला खातं. स्प्रूच्या तुकड्यावर आधी करून बघावं, मग दुरून, कोरडे, हलके फवारे. खोलीत नको, गच्चीवर, आणि तोंडाला धुळीचा नाही तर वाफा अडवणारा मास्क.

मग हिरवा. ब्रिटिश सेंच्युरियन ज्या गडद हिरव्यात कारखान्यातून निघत त्याला डीप ब्रॉन्झ ग्रीन म्हणतात, आणि त्या रंगाची बाटली मिळतेही. ती जशीच्या तशी मारली तर मॉडेल काळं दिसतं. खरा रणगाडा आपण पाच-दहा मीटरवरून, भर उन्हात बघतो. मधली हवा आणि पृष्ठभागावरचं आभाळाचं प्रतिबिंब मिळून रंग फिका करतात. बावीस सेंटिमीटरच्या मॉडेलवर ना तेवढी हवा, ना तेवढं ऊन. म्हणून हिरव्यात थोडा पिवळट किंवा मातकट रंग मिसळून तो उजळायचा, आणि आडव्या पृष्ठभागांवर उभ्यांपेक्षा आणखी थोडा. किती उजळायचा याचं सूत्र सांगणारे बरेच भेटतात. माझा विश्वास डोळ्यावर आहे. फोटो आणि मॉडेल दोन्ही दारातल्या उजेडात शेजारी धरून ठरवावं.

सांध्यांमधली सावली पाडायला तैलरंग सगळ्यात सोयीचा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी कॅमलची बर्न्ट अंबर छटेची ट्यूब पुरते. कॅम्लिन ही दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईच्या भुकटीपासून सुरू केलेली मुंबईची कंपनी. २०११ पासून तिची सूत्रं कोकुयो या जपानी कंपनीकडे गेली. तेव्हा मराठी हाताने जपानी संच रंगवताना कॅमलचा रंग वापरणं अगदीच नात्याबाहेरचं नाही. टर्पेंटाइनमध्ये रंग चहाइतका पातळ करून बारीक ब्रशने फक्त बोल्टच्या डोक्यांभोवती आणि पत्र्यांच्या सांध्यात सोडायचा. सगळ्या अंगाला फासायचा नाही. खालचा रंग अ‍ॅक्रिलिक असेल आणि वर तकाकीचा हात दिलेला असेल तर टर्पेंटाइन त्याला हात लावत नाही, चुकलं तर पुसून घेता येतं.

त्या तकाकीच्या हाताचा दुसरा उपयोग खुणांसाठी. पाण्यात भिजवून सरकवायचे छापील स्टिकर खडबडीत मॅट रंगावर लावले तर खाली हवा अडकते आणि त्यांची पारदर्शक कड चांदीसारखी चमकते. गुळगुळीत तकाकीवर ती दिसत नाही. भारतीय फौजेच्या खुणा बहुतेक संचांत नसतातच. वाहनाचा क्रमांक आणि त्याआधीचा वर तोंड केलेला बाण, रेजिमेंटची खूण आणि ‘फामागुस्ता’ हे नाव छापून घ्यावं लागतं किंवा तीन केसांच्या ब्रशने लिहावं लागतं. हाताने लिहिलेली अक्षरं किंचित वाकडी आली तर खोडू नयेत. फौजेतही ती कुणीतरी हातानेच लिहिलेली असत.

आता चिखल. इथे ती सकाळ कामाला येते. १५ डिसेंबरच्या रात्री भारतीय पायदळाने बसंतर ओलांडून पलीकडे पाय रोवले. ही शकरगडच्या भागातली नदी. पलीकडे सुरुंगांचा पट्टा होता. इंजिनिअर वाट साफ करत असतानाच समोर पाकिस्तानी रणगाड्यांची हालचाल दिसली, आणि लेफ्टनंट कर्नल हणूत सिंग यांच्या पूना हॉर्सने वाट पूर्ण होण्याची वाट न बघता रणगाडे सुरुंगांतून पुढे काढले. १६ तारखेला सकाळी आठच्या सुमारास धुराच्या पडद्याआडून पॅटन रणगाड्यांचे प्रतिहल्ले सुरू झाले. म्हणजे आपला रणगाडा नदीच्या ओल्या थडीतून आलेला आहे, ऋतू थंडीचा, हवा दवाची. राजस्थानी धुळीचा भुरका थर इथे चुकीचा ठरेल. चाकांवर, पट्ट्यांत आणि झालरीच्या खालच्या कडेला ओला गडद चिखल हवा, त्यावर कुठे कुठे सुकलेला फिका, आणि बुरुज जवळपास स्वच्छ.

चिखलासाठी पाय आपोआप घरामागच्या शेताकडे वळतात, पण मंगरूळपीरची काळी माती इथे कामाची नाही. एक तर बसंतरकाठची जमीन नदीच्या गाळाची, भुरकट. दुसरं, आपली काळी कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते. शेतात जे उन्हाळ्यात दिसतं तेच मॉडेलच्या चाकावर होतं, चिखलाच्या खपल्या पडून गळून जातात. त्यापेक्षा मुरूम खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून गाळावा. त्याला तांबूस झाक असेल तर थोडी राख घालून मोडावी. मॅट व्हार्निश किंवा फेविकॉलच्या पाण्यात कालवून राठ ब्रशने लावावा. इथेही पस्तीसचा हिशेब विसरायचा नाही. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा राहिला तर तो खऱ्या रणगाड्याच्या मानाने चांगला धोंडा होतो. ओल दाखवायची तिथे वरून तकाकीचा थेंब, बाकी सगळीकडे मॅट.

मग प्रश्न उरतो तो वेळेचा. खेत्रपाल बी स्क्वाड्रनच्या मदतीला धावून गेले. त्या चकमकीत त्यांनी स्वतः चार रणगाडे उडवले. फामागुस्तावर गोळा बसून आग लागली, रणगाडा सोडण्याचा हुकूम आला, आणि तोफ अजून चालते आहे म्हणून त्यांनी तो मानला नाही. पुढच्या माऱ्यात ते गेले. जळका, भोक पडलेला रणगाडा करणं कौशल्याच्या दृष्टीने मोहाचं असतं. गंजाच्या छटा, काजळी, उडालेला रंग, सगळं दाखवायला वाव मिळतो. प्रदर्शनांत अशा कामाला टाळ्याही पडतात. मला ते पटत नाही. मी आठच्या आधीचा रणगाडा करण्याच्या बाजूचा आहे. तोफेचं तोंड अजून काजळलेलं नाही, रंग शाबूत आहे, चिखल ओला आहे, वरचं झाकण उघडं आहे. झाकणातून वर आलेला अधिकारी पूर्ण उभा असता तर जेमतेम पाच सेंटिमीटरचा भरला असता. भारतीय वेशातली माणसं तयार मिळणं कठीण, म्हणून दुसऱ्या फौजेच्या आकृतीवर पुट्टीने काळी बेरे टोपी चढवावी आणि अंगावरचा वेश काळा रंगवावा. तोही निव्वळ काळा नको, करड्याकडे झुकणारा.

पूर्ण झालेलं मॉडेल काचेच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत ठेवावं. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत आपल्याकडे घरात जी धूळ येते, ती पुसता पुसता मागचे बारीक हूक आणि अँटेना आधी तुटतात. पेटी पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नये, उन्हाने स्टिकरची पारदर्शक कड पिवळी पडते. आणि पेटी करून घेताना ती एका रणगाड्यापुरती करू नये. इटलीच्या इटालेरी कंपनीचा एम-४७ पॅटन त्याच मापात मिळतो. पेटीत त्याची जागा आधीच धरून ठेवावी.